चौदाशे चाळीस काजं

बैठकीच्या दिवशी चटई मुकादमीण स्वतः आपल्या ओसरीवर अंथरीत असे. चटईला पाच रंगीत पट्टे होते. गटातल्या पाच जणींनी आपापल्या पट्ट्यावर, आपापल्या क्रमांकाने बसायचे, आणि कोणी कोणाचा पट्टा बळकावायचा नाही, असा तिचा दंडक होता. पहिला पट्टा अर्थातच तिचा.

मुकादमीण हे तिचे खरे नाव नव्हे. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने सासऱ्यांना पाण्याची बादली चुकीच्या जागी ठेवल्याबद्दल टोकले होते. सासरे रागावायचे सोडून हसले आणि म्हणाले, "घरात सून नाही, मुकादमीण आणली आपण." पुढे सासरे गेले, नवरा गेला, मुलगा दूरच्या शहरात कायमचा राहिला, नाव मात्र अठ्ठावन्नाव्या वर्षीही तिच्या अंगावर मापाच्या कपड्यासारखे बसलेले होते. ते तिला आवडतही असे, पण तसे तिने कधी कोणाला कळू दिले नाही.

दोन नंबरला कोंबडीवाली. हिने कर्ज मागितले होते कोंबड्यांसाठी. पण कर्ज देणाऱ्या संस्थेच्या अर्जावर एकच चौकोन होता, शिवणयंत्राचा. "कोंबडी मरते, मशीन मरत नाही," असे साहेबांनी तिला समजावले, आणि ज्या बाईला सुईत दोरा ओवायला दुसऱ्याचे डोळे लागत, तिच्या घरी हिरवे पायमशीन येऊन उभे राहिले. तीन नंबरला दुकानवाली, जिचे दुकान म्हणजे खिडकीत मांडलेल्या बिस्किटांच्या चार बरण्या. चौथ्या पट्ट्यावर मुकी. तिचे तोंड जन्मात कधी मिटलेले कोणी पाहिले नव्हते, म्हणून मुकी. आणि शेवटच्या पट्ट्यावर मुकादमिणीची धाकटी जाऊ. तिला सगळे नुसते धाकटी म्हणत. तिचा नवरा परमुलखात इमारतीच्या कामावर गेला होता. दोन वर्षे झाली, त्याचा पैसाही नव्हता आणि निरोपही नव्हता. घरात ती आणि नऊ वर्षांची मुलगी.

पाच मशिनी एका गल्लीत. पाचही जणी शिवणार, आणि कपडे शिवून घेणाऱ्याही त्याच. तरी दर आठवड्याला वसुलीचे साहेब फटफटीवरून येत आणि हप्ता घेऊन जात. नियम असा, की एकीचा हप्ता जरी कमी पडला, तरी पाचही जणींनी चटईवरून उठायचे नाही. साहेब कधी आवाज चढवीत नसत. टक्कल पडलेला, पित्ताने हैराण झालेला सभ्य गृहस्थ. पैसे कमी भरले, की ते आपल्या बाटलीतले पाणी पीत आणि म्हणत, "हरकत नाही. मी बसतो." मग ते बसत. चुली थंड राहत, शाळेतून आलेली मुले दाराशी ताटकळत, ऊन ओसरीच्या कडेवरून चटईवर आणि चटईवरून मांडीवर चढे. शेवटी कोणीतरी उठून कोठून तरी पैसे आणी.

मुकादमिणीच्या गटावर मात्र ही पाळी आली नव्हती. एकशे चौऱ्याऐंशी आठवडे सलग हप्ता गेला होता. दोनशे झाले, की गट वरच्या पायरीवर जाणार होता आणि आजवरच्या कर्जाच्या चौपट कर्ज मिळणार होते. त्या कर्जातून कापड घ्यायचे, हे ठरलेले होते. कारण तालुक्याचा एक कंत्राटदार शाळेच्या शर्टांचे काम द्यायला तयार झाला होता. नमुन्याचा शर्ट त्याने उजेडाकडे धरला, शिवण ओढून पाहिली, मग एका काजात अंगठा घालून जोराने ताणले. काज हलले नाही.

"हातचं काज आहे हे," तो म्हणाला. "आजकाल असं कोण करतं? कोणाचं आहे?"

"आमच्या गटाचं," मुकादमीण म्हणाली.

ते धाकटीचे होते. गल्लीतली सगळी काजं धाकटीच करी. दिवसाला साठ, एकासारखे एक. पण मुकादमिणीने आयुष्यात कधी एकीचे नाव घेऊन कौतुक केले नव्हते. कौतुकाने माणूस शेफारतो, हे तिचे ठाम मत होते.

*

एकशे पंच्याऐंशीव्या आठवड्यात धाकटीची मुलगी शाळेच्या जिन्यावरून पडली. मांडीचे हाड मोडले. धाकटी तिला घेऊन इस्पितळात राहिली आणि मशीनवर धूळ साचली. त्या आठवड्याचा तिचा हप्ता मुकादमिणीने आपल्या पत्र्याच्या डब्यातून भरला. दुसऱ्या आठवड्याचा भरला. तिसऱ्याचाही भरला, आणि त्या दिवशी डबा उलटा करून तळावर थाप मारली तेव्हा त्यातून फक्त एक जुने बटण बाहेर पडले.

चौथ्या आठवड्यात धाकटी परत आली. मुलगी प्लास्टरमध्ये, खाटेवर. बैठकीला अजून दोन दिवस होते. मुकादमिणीने तिघींना बरोबर घेतले आणि ती धाकटीच्या दारात उभी राहिली.

"बसा ना, जाऊबाई," धाकटी म्हणाली. "उभ्या का सगळ्या?"

"बसायला आलो नाही. या आठवड्याचं काय करणार आहेस?"

मुकी नेहमीप्रमाणे बोलायला गेली आणि मुकादमिणीने तिच्याकडे नुसते पाहिले. ती गप्प झाली.

"हे बघ," मुकादमीण म्हणाली, "मी बोलणं घोळवत बसत नाही. सोळा आठवडे होते, त्यातले तीन मी पदरमोड करून ढकलले. तेरा राहिले. तुझं मशीन सगळ्यांत चांगलं ठेवलेलं आहे. ते विकलं, की बरोबर तेरा हप्ते निघतात. मी हिशोब केलाय."

"आणि मी काय करू?"

"तेरा आठवडे कळ काढ. दोनशे झाले, की मोठं कर्ज येतं. शर्टांचे पहिले पैसे आले, की पहिलं मशीन तुझ्या घरात. हा माझा शब्द आहे. माझा शब्द कधी खाली पडलाय?"

"नाही पडला," धाकटी म्हणाली. "पण तोवर..."

"अगं, काजं तू हातानं करतेस. मशीन गेलं म्हणून काय हात जातो?"

खाटेवरून मुलगी म्हणाली, "मोठी काकू, आईचं मशीन नेऊ नको ना. मी चालायला लागले की मी पण काम करीन."

"तू आधी चाल," मुकादमीण म्हणाली. तिचा स्वर कठोर नव्हता, पण मऊही नव्हता.

धाकटी उठली. तिने सुईतला दोरा ओढून काढला, बोटाभोवती गुंडाळला आणि मुलीच्या उशीखाली ठेवला. मग फडक्याने मशीन पुसले. चाक, पायाने दाबायचा पायटा, खालचा पट्टा, सगळे. कोनाड्यातून एक लहान डबी आणून तिने मुकादमिणीच्या हातात दिली.

"स्क्रू आहेत यात. वेगळी ठेवा, नाहीतर हरवतील. आणि उचलताना पायट्याला धरू नका, निसटतं ते."

कोंबडीवाली रडू लागली. "माझं न्या गं, माझं तसंही पडूनच आहे."

"तुझं मशीन कोणी फुकटही घेणार नाही," मुकी म्हणाली. "तू त्याच्यावर खुराडं ठेवलंस. चाकात पिसं आहेत पिसं!"

चौघीजणी हसल्या. धाकटीही हसली. हसता हसताच त्यांनी मशीन उचलले.

तालुक्याच्या जुन्या मालाच्या दुकानात दुकानदाराने मान वर केली नाही. "तिकडे ठेवा," तो म्हणाला. तिकडे भिंतीला लागून मशिनी उभ्या होत्या. हिरव्या, एकाच कंपनीच्या, प्रत्येकीवर संस्थेचा तोच गोल शिक्का. मुकादमिणीने सवयीने मोजल्या. त्रेचाळीस. काहींच्या सुयांत दोरा तसाच लोंबत होता. लाल, पांढरा, एकीत शाळेच्या गणवेशाचा निळा. ती त्या निळ्या दोऱ्याकडे थोडा वेळ पाहत राहिली. नंतर तिने दुकानदाराशी भावावरून खणखणीत भांडण केले, तेरा हप्त्यांचे पैसे मोजून घेतले आणि ती घराकडे वळली. ज्यांना शिस्त नसते त्यांच्या मशिनी इथे येतात, असे तिने वाटेत स्वतःला सांगितले.

*

दोनशेवा हप्ता गेला त्या दिवशी साहेबांनी संस्थेचे प्रमाणपत्र आणले. त्यावर मुकादमिणीचा फोटो होता. "सगळ्या भागात असा गट नाही, मावशी," ते म्हणाले. "मी वरच्यांना तुमचंच उदाहरण देतो."

मोठे कर्ज मंजूर झाले. धाकटी आता गटात नव्हती. मशीन नाही त्या बाईला कर्ज नाही, असा नियम होता. पण पाच जणींचे कर्ज चौघींनी वाटून घ्यायला संस्थेची हरकत नव्हती. हप्ता आधीच्या पाचपट झाला. तो पुढच्याच आठवड्यापासून सुरू होणार होता.

"शर्ट द्यायला महिना आहे," दुकानवाली भीत भीत म्हणाली. "तोवर हप्ते कुठून?"

"कर्जातूनच थोडे बाजूला ठेवू. चार आठवड्यांचे. उरलेल्याचं कापड," मुकादमीण म्हणाली. "मी आहे ना."

दोनशे चाळीस शर्टांचे कापड आले. मुकादमिणीने स्वतः बेतले आणि कापले. इतक्या काटकसरीने, की चिंध्यांची पिशवी मुठीत मावली. तिघी शिवायला बसल्या. कोंबडीवालीला फक्त सरळ शिवणी दिल्या. तिच्या मशीनमधून अधूनमधून पीस उडे आणि मुकी म्हणे, "या शर्टाला अंडंही फुकट द्या." अठरा दिवसांत शर्ट तयार झाले. राहिली काजं. शर्टाला सहा, एकूण चौदाशे चाळीस. धाकटीच्या हाताने चोवीस दिवसांचे काम, हाताशी दिवस बारा. पण ती शिकवील, चौघी तिच्याबरोबर बसतील, असा मुकादमिणीचा हिशोब होता.

धाकटी आता तालुक्याला एका खाणावळीत भांडी घासायला जात असे. मुलीलाही घेऊन जाई. मुकादमीण पाच शर्ट, दोऱ्याची रिळे आणि सुया बांधून तिकडे गेली. खाणावळीच्या मागच्या अंगणात काळ्या पातेल्यांची उतरंड होती आणि तिच्यापलीकडे धाकटी उकिडवी बसली होती. मुलगी पायरीवर पाय लांब करून बसली होती. हाड वाकडे जुळले होते.

"जाऊबाई!" धाकटी म्हणाली. "मशीन आणलंत? पाठीवर तर दिसत नाही."

"थट्टा नको. मशीन येणार, मी शब्द दिलाय. आधी शर्ट जाऊ देत. काजांचं काम आहे, चौदाशे चाळीस. तू फक्त दाखव, चौघी करतील. तुझे दर काजाला पैसे वेगळे."

धाकटीने हात पुसले आणि पुढे केले. सोड्याच्या पाण्याने बोटांची टोके सोललेली होती. नखांभोवती मांस लाल आणि ओले, चिमटीच्या जागी दोन भेगा. "बघू," ती म्हणाली आणि तिने सुई घेतली. दोरा ओवायला चार वेळा लागले. मग शर्टाची पट्टी मांडीवर ताणून तिने काजाची कड भरायला सुरुवात केली. दुसऱ्या टाक्याला दोरा भेगेत अडकला. तिने तो सोडवला. पाचव्या टाक्याला पुन्हा अडकला. पांढऱ्या कापडावर मोहरीएवढा लाल ठिपका उमटला.

"डाग पडला," ती म्हणाली आणि तिने शर्ट घाईघाईने बाजूला केला. "लगेच गार पाण्यात घाला, जाईल. टोकांना काही कळतच नाही हो. सुई बोटात गेली तरी नंतर कळतं."

"किती दिवसांत बरं होईल?"

"भांडी घासायची सोडली तर होईल."

मशीन गेलं म्हणून काय हात जातो, हे वाक्य धाकटीने उच्चारले नाही. उच्चारले असते तर बरे झाले असते. मुकादमिणीला रागावता आले असते. तिने शर्ट पुन्हा बांधले.

"मोठी काकू," मुलगी पायरीवरून म्हणाली, "मी चालते आता."

"दिसतंय मला," मुकादमीण म्हणाली.

*

तालुक्यात काजांचे मशीन असलेला एकच माणूस होता. शाळा सुरू व्हायच्या दिवसांत त्याच्याकडे तीन आठवड्यांची रांग होती, आणि तो पैसे आगाऊ मागे. पैशाचे कापड होऊन बसले होते. म्हणून चौघींनी स्वतःच काजं करायला घेतली. धाकटीने कधी केलेले जुने काज समोर ठेवून, उसवून, टाके मोजून त्या करीत राहिल्या. बारा दिवसांत चौदाशे चाळीस झाली. दुरून पाहिले तर काजांसारखी दिसत होती.

कंत्राटदाराने गठ्ठ्यातून मधलाच एक शर्ट उपसला. काजात अंगठा घातला आणि ताणले. कड सुटली, दोरा सरसर निघून आला. त्याने दुसरा शर्ट घेतला. तिसरा घेतला. चौथा घेतलाच नाही.

"नमुना दिलात ते काज कोणाचं होतं?"

मुकादमिणीने ओठ मिटून घेतले. तिच्या मागे मुकी उभी होती. तीही, कोणी न दटावता जन्मात प्रथमच, काही बोलली नाही.

"मावशी, मी तुमच्या शिलाईला नावं ठेवत नाही," कंत्राटदार म्हणाला. "पण पोरं महिनाभरात बटणं तोडून बसतील आणि शाळा माझी मान धरेल. कपडा कापलेला आहे, तो परत होत नाही. शर्ट घेऊन जा."

दोनशे चाळीस शर्ट चौघींनी डोक्यावरून परत आणले. दुकानवालीने चार आठ खिडकीत टांगून पाहिले. बाकीचे महिन्याभराने एका फेरीवाल्याने पुसायच्या फडक्यांच्या भावात नेले. बाजूला ठेवलेले चार हप्ते केव्हाच गेले होते. फडक्यांचे पैसे, कोंबडीवालीच्या सगळ्या कोंबड्या, दुकानवालीच्या बरण्या, मुकीच्या कानातले, मुकादमिणीची दोन तांब्याची भांडी, असे करीत आणखी आठ आठवडे ढकलले. चटई दर आठवड्याला अंथरली जाई. पाचवा पट्टा रिकामा असे; त्यावर आता साहेब आपली पाण्याची बाटली ठेवीत.

दोनशे तेराव्या आठवड्याला तिघींनी आपापले पैसे पुढे ठेवले. कोठून आणले, हे कोणी कोणाला विचारले नाही. पहिल्या पट्ट्यासमोर काही नव्हते.

साहेबांनी दोनदा मोजले. त्यांना खरोखर वाईट वाटत होते. "मावशी, तुमचे?"

"माझे नाहीत," मुकादमीण म्हणाली.

साहेबांनी बाटली उघडली, घोटभर पाणी घेतले आणि टोपण लावले. "हरकत नाही," ते म्हणाले. "मी बसतो."

ऊन ओसरीच्या कडेवर होते. ते चटईवर आले. मुकी समोरच्या भिंतीकडे पाहत होती. दुकानवाली नखाने चटईची काडी उकलत होती. तिघींच्याही मनात काय आहे हे मुकादमिणीला ठाऊक होते, कारण ते त्यांच्या मनात तिनेच घातले होते. त्या बोलणार नव्हत्या. त्यांची तेवढी छाती नव्हती. त्या तिला लाजून ऊन मांडीवर येईपर्यंत बसून राहिल्या असत्या, आणि मग कोणीतरी, बहुधा कोंबडीवाली, रडत रडत तेच बोलली असती. आपल्या घरात दुसऱ्या कोणी तोंड उघडावे आणि आपण ऐकावे, हे तिला कधी जमले नव्हते.

ती उठली.

"मावशी, हप्ता पुरा होईपर्यंत उठायचं नाही," साहेब हळूच म्हणाले.

"पुरा करायलाच उठलेय. तुम्ही बसा." मग ती तिघींकडे वळली. "बसून काय राहिलात? चला आत. फेरीवाला अजून कोपऱ्यावर आहे, मघाशी आवाज आला त्याचा. तालुक्याइतका भाव देणार नाही, पण आजच्या आज देईल. दोन हप्त्यांचं काम होईल."

मशीन खिडकीखाली होते. सुईत पांढरा दोरा होता. तिने तो काढला नाही. फडके घेतले, पण चाकावरून एकदाच फिरवून ठेवून दिले. कोनाड्यातून स्क्रूची डबी काढून कोंबडीवालीच्या हातात दिली. डबी धाकटीची होती. दुकानदाराला द्यायची त्या दिवशी राहून गेली होती.

तिघींनी तीन बाजूंनी धरले. चौथी बाजू मुकादमिणीने स्वतः धरली.

"मुकादमीणबाई," कोंबडीवाली म्हणाली. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "दोन आठवडे जातील. त्याच्यानंतर कोणाचं?"

मुकादमिणीला विचार करावा लागला नाही. पट्ट्यांचा क्रम तिला पाठ होता.

"तुझं," ती म्हणाली. "त्याआधी चाकातली पिसं काढून ठेव. आणि पायट्याला धरू नकोस, निसटतं ते. हं, उचला. उंबरा उंच आहे, आधी पुढचे पाय बाहेर."